वळीवड्यातलं पोलंड

आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात घरात लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगरला जायचं, हे जवळजवळ ठरलेलं असतं. मिरजेहून कोल्हापूरला जाताना कोल्हापूरच्या अलीकडे वळीवडे नावाचं एक छोटं स्टेशन लागतं, त्याला लागूनच ही कापडाची भली मोठी होलसेल पेठ. दुकानदार बहुतेक सिंधी. फाळणीनंतर हे लोक निर्वासित म्हणून आले आणि इथे वसले, एवढं आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण ते आले तेव्हा इथे माळावर बराकींची एक आख्खी वसाहत आधीच उभी होती. ती कुणासाठी बांधली होती? तर पोलंडच्या लोकांसाठी!

हो, पोलंड. युरोपातलं. १९४३ ते १९४८ या काळात पंचगंगेकाठच्या या माळावर सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतांश बायका आणि मुलं, थोडे म्हातारे पुरुष. २०१९ मध्ये वळीवड्यात स्मृतिस्तंभ उभा राहिला तेव्हा आणि २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले असताना तिथल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी भेट दिली तेव्हा, अशी दोनदा ही गोष्ट पेपरात गाजली. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्डही भरपूर फिरले. सगळ्यांचा सूर एकच : "बघा, आपण किती उदार!" आणि फॉरवर्ड तिथेच संपतो.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. हे पाच हजार लोक पाच वर्षं दिवसभर करत काय होते? घर गेलेलं, नवरा किंवा बाप बेपत्ता, देश नकाशावरून पुसलेला, भोवती उसाची शेतं आणि न कळणारी भाषा. अशा अवस्थेत माणसं वेडी का झाली नाहीत? या विषयावर गेले काही वीकेंड वाचत होतो. हा लेख त्यातून झालाय. लांबलाय, तेव्हा चहा घेऊन बसा :)

आधी थोडी पार्श्वभूमी. १ सप्टेंबर १९३९ला हिटलर पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला, हे आपण शाळेत शिकतो. १७ सप्टेंबरला स्टालिनची फौज पूर्वेकडून घुसली, हे मात्र आपल्या पुस्तकात एका ओळीत उरकतात. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात सोव्हिएत पोलिसांनी पूर्व पोलंडमधून चार मोठ्या खेपांत माणसं उचलली. रात्री दारावर थाप, बांधाबांध करायला अर्धा-एक तास, आणि मग मालगाडीच्या डब्यातून कित्येक दिवसांचा प्रवास. कुणी सायबेरियात लाकूडतोडीला, कुणी कझाकस्तानच्या सामूहिक शेतांवर. सोव्हिएत दप्तरांनुसार हा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास आहे, जुने पोलिश अंदाज दहा लाखांच्याही वर जातात. भूक, थंडी आणि टायफस यांनी किती मेले याचा हिशोब त्याहून अवघड.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला आणि पारडं फिरलं. जुलैमध्ये लंडनमधल्या पोलिश परागंदा सरकारचा स्टालिनशी करार झाला, कैद्यांना "माफी" मिळाली. (गुन्हा कोणता, ते विचारू नका.) जनरल अँडर्स यांनी या सुटलेल्या लोकांतून फौज उभी केली आणि १९४२ मध्ये दोन खेपांत सुमारे सव्वा लाख माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यात ३५-४० हजार सिव्हिलियन होते. पुरुष फौजेबरोबर आघाडीवर गेले. उरलेल्या बायका-मुलांचं करायचं काय? त्यांची पांगापांग झाली. काही इराणमध्येच राहिले, बरेचसे पूर्व आफ्रिकेत, काही मेक्सिकोत, ७००हून अधिक मुलं न्यूझीलंडला. आणि काही हजार भारतात.

भारतातला पहिला मोठा आसरा म्हणजे जामनगरजवळचं बालाचडी. जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी १९४२ मध्ये तिथे अनाथ पोलिश मुलांसाठी कॅम्प उभारू दिला. ती गोष्ट बरीच प्रसिद्ध आहे. वॉर्सात त्यांच्या नावाने चौक आहे, शाळाही आहे. वळीवडे त्या मानाने उपेक्षित, पण आकाराने कितीतरी मोठं. इथे नुसती मुलं नव्हती, मोडकी का होईना, कुटुंबं होती. १९४६ मध्ये बालाचडी बंद झालं तेव्हा तिथली बरीच मुलंही इथेच आली.

एक गोष्ट स्पष्ट करतो. जागा कोल्हापूर संस्थानची, व्यवस्था ब्रिटिशांच्या देखरेखीखाली, पण खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश सरकारवर होता. त्या वेळी कोल्हापूरची गादी अज्ञान राजाच्या नावाने चालू होती आणि कारभार रीजन्सीकडे होता. आणि बाहेर काय चाललं होतं? शेजारच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार आकार घेत होतं. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मरत होती. म्हणजे वळीवडे हे काही शांत, निवांत जगातलं बेट नव्हतं.

आता मूळ प्रश्नाकडे.

अशा आपत्तीनंतर माणसांना मानसिक आधार कसा द्यायचा याची आज एक पद्धत ठरलेली आहे. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि इतर मदत संघटनांनी मिळून त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात चार थरांचा एक पिरॅमिड आहे. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना लेयर म्हटलं की लगेच कळतं. सगळ्यात खाली अन्न, निवारा, सुरक्षितता. त्याच्या वर कुटुंब आणि समाजाचा आधार. त्याच्या वर साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत. आणि अगदी टोकाला, थोड्याच लोकांसाठी, मानसोपचारतज्ज्ञ. आपल्या डोक्यात मात्र हे चित्र उलटं असतं. मानसिक आधार म्हटलं की आपल्याला डॉक्टर आणि त्याचा कोच आठवतो. दुसऱ्या थराची, म्हणजे शाळा, सण, भजनी मंडळ, खेळाचं मैदान यांची आठवण होत नाही, कारण नॉर्मल आयुष्यात तो थर आपोआप चालू असतो. लाईट गेल्याशिवाय विजेची आठवण होत नाही तसं.

वळीवड्यात १९४३ मध्ये ही भाषा कुणालाच माहीत नव्हती. पण त्यांनी जे उभं केलं ते जवळजवळ पूर्णपणे या दुसऱ्या थराचं काम होतं.

सुरुवात चुलीपासून. दगडी जोत्यावर बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि वर कौलं, अशा लांबच लांब बराकी होत्या. पण त्या आत कुटुंबागणिक पाडून दिल्या होत्या आणि प्रत्येकाचा स्वयंपाक वेगळा. हातात भत्ता मिळायचा, त्यातून बाजारहाट करायचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ही माणसं तीन वर्षं रांगेत उभी राहून कुणीतरी वाढलेलं खात आली होती. आज काय शिजवायचं हे स्वतः ठरवणं, भाजीवाल्याशी खुणांनी घासाघीस करणं, मुलाला आवडतं म्हणून एखादा पदार्थ करणं, यातून बाई "निर्वासित क्रमांक अमुक" उरत नाही, पुन्हा घराची मालकीण होते. मदत छावण्या चालवणाऱ्यांना सामायिक स्वयंपाकघर नेहमीच सोयीचं वाटतं. हिशोबाला सोपं पडतं. राहणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर गणित बदलतं.

मग शाळा. प्राथमिक शाळा निघाल्या, माध्यमिक निघाली, वरचे वर्ग आणि व्यवसाय शिक्षणही निघालं. शिक्षक बहुतेक याच लोकांतले. पुस्तकांची टंचाई होती. पोलिश पाठ्यपुस्तकं तेव्हा जेरुसलेममध्ये छापली जात होती आणि तिथून जगभरच्या पोलिश वसाहतींना जात होती. विचार करा, दहा वर्षांचा पोरगा. सायबेरियात लाकूड ओढलंय, भावंड मेलेलं पाहिलंय, दोन-तीन वर्षं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्याला आता सकाळी घंटा होते, गृहपाठ असतो, परीक्षेची भीती असते. परीक्षेची भीती ही किती निरोगी भीती आहे हे आपल्याला कळत नाही, कारण आपण दुसऱ्या कुठल्या भीतीत वाढलेलो नसतो. परीक्षेची भीती वाटायची तर पुढचं वर्ष येणार आहे असं आधी वाटावं लागतं.

त्याच सुमारास लंडनमध्ये अ‍ॅना फ्रॉइड (सिग्मंड फ्रॉइडची मुलगी) बॉम्बहल्ल्यांतल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवत होती. तिचं आणि तिच्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांचं निरीक्षण असं की मुलांना बॉम्बपेक्षा आपल्या माणसांपासून तुटण्याचा धक्का मोठा बसतो. वळीवड्यात अनाथालय होतं, पण ते वसाहतीच्या आतच. म्हणजे आईबाप नसलेली मुलंही त्याच शाळेत, त्याच चर्चमध्ये, त्याच मैदानावर. "अनाथ मुलांची संस्था" म्हणून त्यांना गावाबाहेर वेगळं काढलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग म्हणजे स्काउट. पोलंडमध्ये स्काउट ही आपल्याकडच्यासारखी शनिवारी खाकी घालून उभं राहायची गोष्ट नाही. तिथे ती राष्ट्रीय चळवळ आहे, संघटना म्हणून आणि संस्कार म्हणूनही. वळीवड्यात मुलामुलींची पथकं होती, शिबिरं व्हायची, शेकोटीभोवती गाणी व्हायची. याच कामासाठी पोलिश फौजेतून इथे पाठवलेला एक तरुण अधिकारी होता झ्दिस्वाव पेश्कोव्स्की. हा माणूस सोव्हिएत रशियातल्या कोझेल्स्कच्या युद्धकैदी छावणीतून वाचलेला. त्याच छावणीतले त्याचे हजारो सोबती १९४० मध्ये कातिनच्या जंगलात गोळ्या घालून मारले गेले होते. पुढे तो धर्मगुरू झाला आणि कातिनच्या मृतांच्या कुटुंबीयांसाठी त्याने आयुष्य घातलं. २००७ मध्ये वारला. असा माणूस पंचगंगेकाठी पोरांना गाठी मारायला शिकवत होता!

स्काउटची रचना बघा. सहा-आठ पोरांचा गट आणि त्यांचा म्होरक्या त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा. ज्या पोराचा बाप बेपत्ता आहे त्याला बाप कुणीच देऊ शकत नाही. पण थोरला भाऊ देता येतो. आणि त्या म्होरक्यालाही, जो स्वतः पंधरा वर्षांचं भेदरलेलं पोर आहे, सांभाळायला सहा जण मिळतात. दुसऱ्याची जबाबदारी अंगावर पडली की माणूस स्वतःच्या दुःखातून थोडा तरी वर येतो, हे आपल्या आज्या न शिकता सांगायच्या.

याशिवाय चर्च, हॉस्पिटल, सहकारी दुकान, शिवणकाम, नाटकं, गाण्याचा ताफा. हॉस्पिटलातल्या नर्सही बऱ्याचशा त्यांच्यातल्याच. मुंबईहून 'पोलाक व इंडियाख' म्हणजे 'भारतातला पोल' नावाचं नियतकालिक निघायचं. तिथल्या पोलिश वकिलातीचे प्रमुख बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा बानासिन्स्का मदतकार्यात पुढे होते. वर्षाला एक आकार होता : नाताळ, ईस्टर, ३ मेचा संविधान दिन, ११ नोव्हेंबरचा स्वातंत्र्यदिन. निर्वासिताचा एक दिवस दुसऱ्या दिवसासारखाच असतो. सण आला की तयारी असते, तालमी असतात, "कपडे शिवून झाले का" अशी घाई असते. वेळेला पुन्हा पुढे जायची दिशा मिळते.

जाता जाता एक गंमत. वांदा दिनोव्स्का नावाची पोलिश थिऑसॉफिस्ट बाई युद्धाआधीपासून भारतात होती, गांधीजींच्या वर्तुळातली, "उमादेवी" नावाने ओळखली जायची. या पोलिश तरुणांना भारताची ओळख करून देण्याचं काम तिने अंगावर घेतलं. तिचा सहकारी मॉरिस फ्रिडमन, म्हणजे औंध संस्थानात १९३८-३९ मध्ये जो स्वराज्याचा प्रयोग झाला त्यात पंतप्रतिनिधींबरोबर काम केलेला आणि पुढे निसर्गदत्त महाराजांची संभाषणं इंग्रजीत आणणारा तोच फ्रिडमन. जग लहान आहे आणि त्यातही आपला सातारा-कोल्हापूरचा भाग फारच लहान :)

आता गोष्टीची अवघड बाजू.

कॅम्प उभा राहत होता त्याच वर्षी, एप्रिल १९४३ मध्ये, कातिनच्या सामूहिक कबरी सापडल्याची बातमी जगाला कळली. पोलंड आणि रशियाचे संबंध तुटले. वळीवड्यातल्या कितीतरी बायका बेपत्ता नवऱ्यांची वाट पाहत होत्या. रेडक्रॉसकडे चौकशी करायची आणि पत्राची वाट बघायची. मेला असेल तर रडता येतं, जिवंत असेल तर वाट बघता येते. दोन्ही धड नाही अशी ही अवस्था. नाटक आणि गाण्यांनी तिच्यावर उपाय होत नाही. पण गल्लीतली प्रत्येक बाई त्याच अवस्थेत असली तर निदान समजावून सांगावं लागत नाही.

आणि त्याहून मोठा घाव फेब्रुवारी १९४५ मधला. याल्टाला चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन बसले आणि पोलंडची पूर्व सरहद्द सरकवली. हे लोक ज्या भागातले होते तो भाग सोव्हिएत युनियनला गेला. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. म्हणजे बघा, सगळी शाळा, सगळे सण, सगळं स्काउटिंग "आपण परत जाणार" या एका पायावर उभं होतं आणि पायच काढून घेतला. पुढे कॅम्पचा खर्च संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेकडे गेला, "परत जा" असा आग्रह सुरू झाला, पण कम्युनिस्ट पोलंडमध्ये जायला बहुतेकजण तयार नव्हते. अँडर्सच्या सैनिकांचे बरेच नातेवाईक ब्रिटनला गेले, बाकीचे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे विखुरले. १९४८ मध्ये वळीवडे रिकामं झालं. कोल्हापूरच्या मातीत राहिल्या त्या पोलिश कबरी, आणि इथल्या माणसाशी लग्न करून आयुष्यभर कोल्हापूरकर झालेली एक पोलिश सून.

मग प्रश्न येतो : खोट्या आशेवर उभा केलेला आधार हा आधार म्हणायचा का? मी यावर बराच विचार केला. जी मुलं पोलंडसाठी तयार होत होती ती पोलंडला गेलीच नाहीत. पण लंडन असो की मेलबर्न, जिथे गेली तिथे वर्ग बुडाले नव्हते, हातात कसब होतं, एकमेकांचे पत्ते होते. यातल्याच लोकांनी पुढे लंडनमध्ये "भारतातले पोलिश" असं मंडळ काढलं, भेटत राहिले, म्हातारपणी एकत्र येऊन आपला जाडजूड इतिहास लिहिला. आशा चुकीच्या पत्त्यावर गेली, पण तिच्या नावाने केलेली कामं वाया गेली नाहीत. मला वाटतं, अशा उपक्रमांचं मोल ते कशासाठी केले यावर ठरत नाही. ते रोज, सगळ्यांनी मिळून, स्वतः केले यावर ठरतं.

दोन सावधगिरीच्या सूचना. एक, आपल्यापर्यंत पोचलेल्या आठवणी बहुतांश तेव्हा मुलं असलेल्यांच्या आहेत. मुलांना नदी, आंब्याची झाडं आणि शेकोटी आठवते. रात्री आई काय करत होती ते आठवत नाही, किंवा आईने कळू दिलेलं नसतं. म्हणून "वळीवडे म्हणजे स्वर्ग" असं म्हणताना जरा जपून. दोन, याच काळात, १९४२ मध्ये, लाखो भारतीय ब्रह्मदेशातून चालत परत येत होते. हजारो वाटेत मेले, आणि गोऱ्यांची वाट वेगळी आणि काळ्यांची वेगळी असा भेदभावही झाला. त्यांच्यासाठी कुणी शाळा आणि नाट्यमंडळाचा कॅम्प बांधला नाही. यात पोलिश बायका-मुलांचा काही दोष नाही. पण पाठीशी सरकार, पैसा आणि गोरा रंग असला की निर्वासितपणाही वेगळा असतो, हे नोंदवायलाच हवं.

त्याच जागी आलेल्या सिंध्यांना तसं काही मिळालं नाही. ना परत जायची आशा, ना परागंदा सरकार. पण ते एकत्र वसले, नातीगोती आणि पंचायत टिकली, आणि त्या जोरावर पेठ उभी राहिली. याच्या उलट उदाहरणही आपल्या शेजारचंच आहे. कोयना धरणाने उठवलेली माणसं ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरली. जमिनीचे वाद अजून मिटलेले नाहीत. पण समजा उद्या प्रत्येकाला गुंठा न् गुंठा मोजून दिला, तरी गावची जत्रा, भावकी, भजनाला बसणारी ती दहा माणसं कुठल्या सातबाऱ्यावर लिहून देणार? पिरॅमिडचा पहिला थर देताना आपण दुसरा मोडला, आणि तो मोडल्याची नोंद कुठेच नाही.

आपल्याकडे पुनर्वसन म्हटलं की घर, प्लॉट, नुकसानभरपाई. पुढच्या वेळी कुठे दरड कोसळेल किंवा पूर येईल, आणि तो येणारच, तेव्हा आपण ब्लँकेटं आणि बिस्किटं पाठवू. जरूर पाठवावीत. पण त्याबरोबर कुणीतरी हेही विचारायला हवं की या लोकांची शाळा कधी सुरू होणार, एका गल्लीतले लोक एका रांगेत राहणार का, चूल वेगळी देता येईल का, आणि गणपती कुठे बसवायचा. या प्रश्नांना फार पैसे लागत नाहीत. नुसतं कुणाला तरी सुचावं लागतं.

असो. पुढच्या वेळी बस्ता बांधायला गांधीनगरला गेलात तर दहा मिनिटं काढून तो स्मृतिस्तंभ बघून या. आणि तुमच्या घरात कुणा आजी-आजोबांनी वळीवड्याचे "पोलंडवाले" पाहिले असतील, तर त्यांना आजच विचारून लिहून ठेवा. वेळ फार उरलेला नाही.